भयकथांची छोटी प्रकाशनसंस्था: पहिल्या हस्तलिखितापासून पाचशे प्रतींपर्यंत

मराठी वाचकाला भयकथा आवडते, याबद्दल कुणाला शंका असेल तर त्यानं कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात जाऊन गूढ-भयकथांच्या कपाटापुढे पाच मिनिटं उभं राहावं. सगळ्यात जास्त हाताळलेली, पाठीला चिकटपट्ट्या लावलेली, शेवटची पानं सुटलेली पुस्तकं त्याच कपाटात असतात. पण ती बहुतेक तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असतात. आज लिहिणारी माणसं आहेत, दिवाळी अंकांत त्यांच्या कथा येतात, ऐकण्याच्या अ‍ॅपवरही येतात, पण त्यांचं पुस्तक निघत नाही. मोठ्या प्रकाशकाला हा प्रकार 'दुय्यम' वाटतो किंवा नव्या लेखकाच्या कथासंग्रहाची जोखीम नको असते. ही जागा छोट्या प्रकाशकाची आहे. घरातल्या एका टेबलावरून हे काम करता येतं. मी पुण्यात ते करतो. जे शिकलो ते पैशांच्या हिशेबासकट इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भयकथेच्या पुस्तकात, कागद-छपाई सोडली तर, सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खर्च संपादनावर करायचा. मुखपृष्ठ, जाहिरात, प्रकाशन समारंभ हे सगळं त्यानंतर. भीती वाक्यात असते. वाक्य कच्चं असेल तर मुखपृष्ठावर कितीही कवट्या काढा, वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो आणि तुमचं दुसरं पुस्तक उघडतच नाही.

आधी ठरवा: कुठली भीती?

'भय, गूढ, रहस्य, थरार, विज्ञानकथा' असं सगळं काढणारी संस्था कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिल्या तीन पुस्तकांपुरतं तरी एकच अंगण निवडा. कोकण-गोव्यातल्या लोकसमजुतींवरच्या कथा, किंवा शहरी फ्लॅटमधली, नात्यांमधून झिरपणारी भीती, किंवा काळोख्या मनाच्या माणसांच्या कथा ज्यांत भूत कुठेच नसतं. यातलं कुठलंही चालेल, पण वाचकाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

लोकसमजुतींकडे वळणार असाल तर अभ्यास करा. मुंजा, खवीस, हडळ, गिऱ्हा, ब्रह्मसमंध, आसरा, चकवा हे एकाच भुताचे समानार्थी शब्द नव्हेत. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्याशी, चकवा रात्रीच्या वाटेवर. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. ज्या देवाची भीती वाटते त्याच्याच पायांची काळजी घेणारं हे नातं आहे. अशा वेताळाला एखाद्या लेखकानं परदेशी सिनेमातल्या सैतानासारखं रंगवलं, तर ती कथा कोकणातल्या वाचकाला पहिल्या परिच्छेदातच खोटी वाटणार.

इथेच एक रेघ ओढून घ्या. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो नरबळी, अघोरी प्रथा आणि त्यांचा प्रसार यांविरुद्ध आहे. कथा लिहायला तो आड येत नाही. पण 'सत्य घटनेवर आधारित, अमुक तोडगा करून पाहा' अशा थाटाची जाहिरात मी करणार नाही आणि तुम्हीही करू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सातपुड्याच्या पट्ट्यात आजही बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण होते. एखाद्या जातीची, जमातीची किंवा एकट्या राहणाऱ्या म्हातारीची भीती घालून कथा चालवलेली असेल, तर ती कितीही रंगलेली असो, परत पाठवा. भयकथेचा प्रकाशक म्हणून ही जबाबदारी इतर प्रकाशकांपेक्षा आपल्यावर जास्त आहे.

कागदपत्रं

यात फार वेळ घालवू नका. सुरुवातीला एकल मालकी पुरेशी आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. शॉप अ‍ॅक्टखाली, दहापेक्षा कमी माणसं असतील तर, नुसती सूचना द्यावी लागते. ती पावती आणि पॅन घेऊन बँकेत संस्थेच्या नावानं चालू खातं उघडा. घरखर्चाच्या खात्यातून पुस्तकाचा व्यवहार करू नका. सहा महिन्यांनी कुठले पैसे कुणाचे, हे तुम्हालाच कळणार नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते. ती शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि क्रमांक मोफत मिळतो. पैसे मागणारे दलाल भेटतील, त्यांना नमस्कार करा. छापील आवृत्तीला एक आणि ई-बुकला वेगळा क्रमांक लागतो. पहिल्यांदा नोंदणी करताना वेळ जातो, म्हणून हस्तलिखित संपादनाला घेतलं की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ऐकायला बरं वाटतं, पण त्याची दुसरी बाजू अशी की छापखान्याच्या बिलावर तुम्ही भरलेला कर परत मिळत नाही. तो खर्चातच धरायचा. लेखकाच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) 'रिव्हर्स चार्ज'चा, म्हणजे लेखकाऐवजी प्रकाशकानं कर भरण्याचा मुद्दा येतो. त्यासाठी पहिल्या करारापूर्वी एकदा सीएकडे तासभर बसा.

आणखी एक काम बरेच छोटे प्रकाशक विसरतात. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चानं चार प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. न पाठवल्यास दंड किरकोळ आहे, पण पाठवा. पन्नास वर्षांनी कुणी मराठी भयकथेवर संशोधन करायला बसलं तर त्याला तुमचं पुस्तक कोलकात्यात सापडेल.

हस्तलिखित आणि करार

पहिलं पुस्तक एकाच लेखकाचा संग्रह असावं असं माझं ठाम मत आहे. दहा लेखकांचा संकलित संग्रह आकर्षक वाटतो, कारण दहा लेखकांचे नातेवाईक तो घेतील असा हिशेब असतो. पण त्यात दहा करार, दहा संपादनं आणि दहा जणांचे रुसवेफुगवे येतात. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के स्वामित्वधन म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. ते दहा जणांत वाटलं की प्रत्येकी ३. एका लेखकाच्या आठ-नऊ कथा घ्या आणि त्याला ते तीस रुपये वेळेवर द्या.

लेखक शोधायला गेल्या तीन वर्षांचे दिवाळी अंक काढून बसा. ज्याच्या दोन वेगवेगळ्या अंकांतल्या कथांनी तुम्हाला अस्वस्थ केलं, त्याला पत्र लिहा. जून-जुलैमध्ये लेखक दिवाळी अंकांच्या मागणीत गुंतलेले असतात, तेव्हा तगादा लावू नका. दिवाळी झाली की ते मोकळे होतात.

जुन्या गाजलेल्या कथा छापायचा मोह होईल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. नारायण धारप २००८ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६८ अखेरपर्यंत आहे. रत्नाकर मतकरी २०२० साली गेले, म्हणजे २०८० अखेरपर्यंत. वारसांची लेखी परवानगी नसेल तर 'जुनं आहे, चालतं' हे चालत नाही.

करार साध्या मराठीत दोन पानांचा करा, पण करा. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात काही बारकावे आहेत. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो लेखकाकडे परत जातो. म्हणून छापील, ई-बुक, ऑडिओ आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहा. छोट्या प्रकाशकानं छापील आणि ई-बुक घ्यावं. चित्रपटाचा हक्क लेखकाकडेच राहू द्यावा. तो दडपून घेण्यात नीती नाही, आणि लेखक आयुष्यभर तुमच्यावर विश्वास ठेवतो तो याच गोष्टीमुळे. कथा स्वतःच लिहिलेली आहे, कुठून उचललेली किंवा यंत्राकडून लिहून घेतलेली नाही, हेही लेखकाकडून लिहून घ्या. मुखपृष्ठाच्या चित्रकाराशीही असंच एक पान करा.

संपादन: सगळा जीव इथे

माझ्याकडे आलेल्या एका कथेत असं वाक्य होतं: 'अचानक त्याला जाणवलं की खोलीत कुठलीतरी अदृश्य शक्ती आहे आणि त्याच्या मणक्यातून एक थंड लहर धावत गेली.' लेखिका हुशार होती, पण हे वाक्य तिचं नव्हतं. ते इंग्रजी पुस्तकांच्या अनुवादांतून तिच्या हातात आलं होतं. मी तिला विचारलं, घर कुणाचं? वेळ काय? जेवणं झाली होती का? पानं कुणी मांडली? ती थोडा वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिनं पाठवलं: 'माजघरात दोघंच होते. पाट मात्र तीन मांडलेले.'

त्या दोन वाक्यांसाठी मी ते पुस्तक काढलं.

मराठीत भीती कशी बसते, हे संपादकाला कानानं कळलं पाहिजे. 'आजी ओटीवर बसली होती' हे साधं विधान आहे. 'ओटीवर बसली होती आजी' म्हटलं, आणि आजीला जाऊन तेरा दिवस झालेत हे वाचकाला माहीत असलं, तर तोच मजकूर अंगावर येतो. शब्द तेच, फक्त नाव शेवटी गेलं. पण ही युक्ती कथेत एकदाच. तिसऱ्यांदा वापरली की वाचक तिची वाट बघायला लागतो.

बोलीतले झाकलेले शब्द जपा. गावाकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात. भूत लागलं असं म्हणत नाहीत, 'बाहेरचं आहे' म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घ्यायचं नाही, हा आपल्या भाषेचा जुना शिष्टाचार आहे. त्यापुढे 'अदृश्य शक्ती' आणि 'नकारात्मक ऊर्जा' फार पोकळ वाटतात. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी संवाद असतील तर त्या भागातल्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. प्रमाण मराठीला दोन-चार हेल लावून बोली होत नाही.

माझी पद्धत अशी: पहिलं वाचन नुसतं वाचक म्हणून, पेन्सिल न घेता. जिथे लक्ष उडालं तिथे फक्त पान मुडपायचं. दुसऱ्या वाचनात रचना पाहायची: उलगडा लवकर झालाय का, शेवटी स्पष्टीकरण देत बसलाय का? नव्या लेखकाच्या दहातल्या सात कथांचा शेवटचा परिच्छेद काढला की कथा सुधारते, हा माझा अनुभव आहे. तिसरं वाचन मोठ्यानं, आणि शक्यतो लेखकासमोर. जिथे तुम्ही अडखळता तिथे वाक्य बिघडलेलं असतं. सगळं झाल्यावर मुद्रितशोधकाकडे द्या. संपादक आणि मुद्रितशोधक एकच माणूस नको. कथेत गुंतलेल्या डोळ्यांना ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही.

अक्षरजुळणी

लेखकाकडून मजकूर युनिकोडमध्येच घ्या. अनेक डीटीपीवाले अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फाँट-पद्धतीत काम करतात. तिकडून इकडे मजकूर फिरवताना जोडाक्षरं हमखास बिघडतात. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. अंतिम प्रुफात फक्त 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' शोधत एक फेरी मारा.

फाँट मोफत आणि चांगले मिळतात. तिरो देवनागरी मराठी हा पुस्तकी मजकुराला शोभतो, आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. शीर्षकांना मुक्ता चालतो. इनडिझाइन हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलाय ना आणि भाषा मराठी निवडली आहे ना, हे पाहा. नाहीतर अर्धी जोडाक्षरं सुटी पडतात.

भयकथेपुरती एक खास गोष्ट सांगतो, जी मला कुणी सांगितली नव्हती. पान उलटण्याचा क्षण वापरा. उजवं, म्हणजे विषम क्रमांकाचं पान संपलं की वाचक पान उलटतो आणि डोळा डाव्या पानाच्या पहिल्या ओळीवर पडतो. कथेतला मोठा क्षण त्या ओळीवर आणता आला तर आणा. समोरासमोरच्या पानावर असेल तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाते आणि दचकणं वाया जातं. यासाठी मी एकदा लेखकाकडून चार ओळी वाढवून घेतल्या होत्या, त्यानं आनंदानं दिल्या.

छपाई आणि काळं मुखपृष्ठ

छापखान्यात भाषा फॉर्म्यांची चालते. १६ पानांचा एक फॉर्मा. पानांची संख्या १६ च्या पटीत बसवा, म्हणजे कागद वाया जात नाही. डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या कथासंग्रहाएवढं, १६० पानांचं पुस्तक म्हणजे दहा फॉर्मे. २३ × ३६ इंची कागदाच्या एका तावात डेमीची ३२ पानं बसतात, म्हणून एका प्रतीला पाच ताव आणि ५०० प्रतींना २५०० ताव, म्हणजे पाच रीम (एक रीम म्हणजे ५०० ताव) अधिक थोडी घट. ७० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या कागदाची) अशी एक रीम साधारण १८.७ किलोची असते. हा हिशेब डोक्यात असला की छापखान्याचं कोटेशन वाचता येतं आणि समोरचा माणूसही तुमच्याशी नीट बोलतो.

कागद पांढराशुभ्र नको, नॅचरल शेड घ्या. डोळ्याला शांत आणि जुन्या पुस्तकाची आठवण देणारा. पण आत पूर्ण काळी पानं, त्यांवर पांढरी अक्षरं असले प्रयोग ७० जीएसएमवर करू नका, पाठीमागच्या पानावर सगळं उमटतं.

मुखपृष्ठाबद्दल माझी चूक ऐका. पहिल्या पुस्तकाला मी काळंभोर, मॅट लॅमिनेशनचं, म्हणजे वर न चमकणारा पातळ प्लास्टिकचा थर असलेलं मुखपृष्ठ केलं. छापून आलं तेव्हा सुंदर होतं. विक्रेत्यांकडून तीन महिन्यांनी परत आलेल्या प्रतींवर मात्र पांढरे ओरखडे, बोटांचे तेलकट ठसे आणि कण्यावर घडीच्या जागी रंग उडून निघालेली रेघ. अशा ४० प्रती पूर्ण किमतीला विकण्यासारख्या राहिल्या नाहीत. काळा रंग हवाच असेल तर ओरखडे न पडणारं मॅट लॅमिनेशन मागा, थोडं महाग पडतं. नुसता काळ्या शाईचा काळा छापून आल्यावर राखाडी दिसतो, त्यात इतर तीन रंगांचं प्रमाण मिसळावं लागतं. ते किती, हे त्या छापखान्याच्या यंत्रावर अवलंबून असतं, म्हणून त्यांनाच विचारा आणि प्रत्यक्ष यंत्रावरचा नमुना पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. हल्ली मी गडद हिरवा, शेवाळी, विटकरी असे रंग वापरतो. पावसाळ्यातल्या जुन्या भिंतीचा रंग काळ्यापेक्षा जास्त भीती घालतो.

बांधणीत, घरगुती वाचकाच्या प्रतींना परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे गोंदानं चिकटवलेली बांधणी, ठीक आहे. ग्रंथालयांसाठी पन्नास-शंभर प्रती शिवून घ्या. वर्षभरात पानं सुटलेलं पुस्तक दिसलं की ग्रंथपाल तुमचं पुढचं पुस्तक घेत नाही.

वेळ सांभाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छापखाने दिवाळी अंकांनी भरलेले असतात, त्यानंतर कॅलेंडर-डायऱ्या येतात. ऑगस्टच्या मध्यात फाइल दिली तर काम निवांत होतं आणि दिवाळीच्या खरेदीला व डिसेंबरातल्या पुणे पुस्तक महोत्सवाला पुस्तक तयार असतं.

५०० प्रतींच्या खाली ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई, महाग पडते. १०० प्रतींनीच सुरुवात करायची तर डिजिटल छपाई करा, प्रतीमागे दर जास्त पण पैसे अडकत नाहीत.

हिशेब

दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून हे आकडे फक्त गणित समजावण्यासाठी घ्या. समजा संपादन १२,०००, अक्षरजुळणी व मुद्रितशोधन १०,०००, मुखपृष्ठ ८,०००, आणि कागद-छपाई-बांधणी प्रतीमागे ८० रुपयांनी ४०,०००. एकूण ७०,०००. छापील किंमत ३००.

५०० पैकी ३० प्रती लेखकाला, चार ग्रंथालयांना आणि अभिप्रायासाठी जातील. उरल्या ४७०. वितरक ४० टक्के सूट घेणार असेल तर तुमच्या हातात १८० येतात, त्यातून लेखकाचे ३० वजा केले की १५०. सगळ्याच ४७० प्रती वितरकामार्फत विकल्या तर ७०,५०० मिळतात. म्हणजे वर्षभर राबून ५०० रुपये, तेही वितरकानं सगळे पैसे दिले आणि एकही प्रत परत आली नाही तर.

आता थेट विक्री. १० टक्के सूट देऊन २७० मिळतात. लेखकाचे ३० आणि टपाल-वेष्टणाचे ३५ गेले की २०५ उरतात. निम्म्या प्रती, म्हणजे २३५, थेट विकल्या तर ४८,१७५ आणि उरलेल्या निम्म्या वितरकाकडून ३५,२५०. एकूण ८३,४२५. शिल्लक १३,४२५. दुसऱ्या पुस्तकाचं संपादन त्यातून निघतं. छोट्या प्रकाशकाचं अस्तित्व या दोन रकमांमधल्या फरकावर आहे, म्हणून वाचकांची स्वतःची यादी, नावं आणि पत्ते, पहिल्या दिवसापासून ठेवा.

वाचकापर्यंत

टपालानं पुस्तक पाठवणं अजूनही स्वस्त पडतं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकिटाचा माग काढता येतो. डेमी आकाराचं १६० पानांचं पुस्तक ७० जीएसएमवर मुखपृष्ठासह साधारण १९० ग्रॅम भरतं, म्हणजे पुठ्ठ्याचं वेष्टण धरूनही पहिल्या टप्प्यात बसतं. २०८ पानांपर्यंत बसतं. पानसंख्या ठरवताना हा विचार आधीच करा. पुस्तकावर प्रकाशक-मुद्रकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिरातीची पत्रकं कोंबलेली नसावीत. पहिलं पाकीट घेऊन जाल तेव्हा खिडकीवरच्या माणसाशी बोलून नियम समजून घ्या. पुढे रोजची गाठ आहे.

पूर्वनोंदणी घ्या, छपाईच्या तीन आठवडे आधी. नोंदणी करणाऱ्याला लेखकाच्या सहीची प्रत द्या. शंभर नोंदण्या झाल्या तर छापखान्याची आगाऊ रक्कम वाचकांच्याच पैशांतून जाते.

आणि कथाकथन करा. मराठी माणसाला कथा ऐकायची जुनी सवय आहे. भयकथा तर ऐकायचीच गोष्ट आहे. मागच्या हिवाळ्यात एका गावातल्या वाचनालयात आम्ही संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम ठेवला. माणसं होती बत्तीस. ट्यूबलाइट बंद करून टेबलावर एक दिवा ठेवला आणि लेखिकेनं ती तीन पाटांची कथा वाचली, आवाज न चढवता, वीस मिनिटांत. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, 'आमच्याकडे अजून मांडतात तिसरा पाट.' मग तासभर लोक बोलत राहिले, कुणाच्या घरचं काय, कुणाच्या आजोळचं काय. त्या रात्री एकवीस प्रती गेल्या. त्या गप्पांतल्या दोन गोष्टी ज्यांनी सांगितल्या त्यांचे नंबर मी घेतले, आणि त्यांपैकी एक बाई आता लिहिते आहे.

ग्रंथालयांकडे वेगळं लक्ष द्या. सरकारी अनुदानावर चालणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात आहेत आणि त्यांना दरवर्षी ग्रंथखरेदी करावी लागते. निवड याद्यांसाठी पुस्तक वेळेत सादर करा, पण त्याच भरवशावर बसू नका. जिल्ह्यातल्या पंधरा-वीस ग्रंथपालांना स्वतः जाऊन भेटा. कुठली पुस्तकं फाटेपर्यंत वाचली जातात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

ई-बुकसाठी किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं. परदेशातला मराठी वाचक तिथेच भेटतो, त्याला टपालखर्च परवडत नाही. ऑडिओचा हक्क लेखकाकडे ठेवला असेल तर त्याला चांगल्या कंपनीशी जोडून द्या. कानानं ऐकलेली कथा पुन्हा वाचायला लोक पुस्तक मागवतात, हे मी पाहिलं आहे.

साठा

५०० प्रती म्हणजे जवळजवळ ९५ किलो कागद. तो कुठे ठेवणार, हे छापायला देण्यापूर्वी ठरवा. जमिनीवर कधीच नको. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर, खोके उभे न रचता आडवे. कोकणात असाल तर मेअखेरीस प्रत्येक खोका प्लास्टिकमध्ये बंद करा, नाहीतर श्रावणापर्यंत मुखपृष्ठं वळतात. वाळवीसाठी महिन्यातून एकदा सगळ्यात खालचा खोका उघडून बघायचा. वरचा नाही, खालचा.

साठ्याची एक वही ठेवा. तारीख, किती गेल्या, कुणाकडे, पैसे आले की नाही. दर ३१ मार्चला त्या वहीवरून लेखकाला विक्रीचं पत्र आणि स्वामित्वधन पाठवा, सात प्रती विकल्या असतील तरी. २१० रुपये का होईना, बँकेतून पाठवा आणि सोबत चार ओळी लिहा. माझ्या पहिल्या लेखिकेनं दुसरा संग्रह माझ्याकडे दिला, त्याच्या पाकिटावर तिनं तेवढंच लिहिलं होतं: 'हिशेब मिळाला. नवीन कथा सोबत.'